यारीचा सोमवार

सोलापुरात स्टेशनाकडून गावात शिरताना तेव्हा एक गाडीअड्डा होता. अड्ड्याच्या तोंडाशी एक जुना लिंब होता आणि त्या लिंबाखाली मल्लव्वा बसत असे. नुसती टेकत नसे. पाठ बुंध्याला लावून, मांडीवर पानाची चंची उघडून अशी ऐसपैस बसे की नवख्या माणसाला वाटावं, आधी ही बाई इथं होती आणि लिंब मागाहून उगवला. कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची चौकी, इरकली लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. हातात चाबूक असे, पण तो माणसांसाठी, बैलांसाठी नव्हे, हे ती स्वतःच सांगे.

बैलांशी ती कानडीत बोले आणि माणसांशी मराठीत. बैलांशी बोलणं अगदी लोण्यासारखं मऊ असे. माणसांशी बोलण्यात मात्र ठसका लागेल इतकी तिखटमिठाची रेलचेल. त्यामुळे अड्ड्यावरच्या मराठी गाडीवानांचा असा समज होऊन बसला होता की कानडी ही फार गोड भाषा असावी.

लिंबाखालची जागा ही काही सावलीपुरती जागा नव्हती. मालधक्क्यावरून व्यापाऱ्याचा माणूस आला की पहिल्यांदा त्याची गाठ तिथं पडायची. लिंबाखाली जो बसेल त्याला पहिलं भाडं आणि अड्ड्यावरच्या भांडणात पहिला शब्द. बाकीचे त्याच्या मागं ओळीनं. ओळीची शेपटी थेट गटारापाशी जाऊन टेकायची आणि तिथं बसणाऱ्याला दुपारपर्यंत माशा मारण्याखेरीज उद्योग नसे. ती पहिली जागा मल्लव्वाच्या नवऱ्याची, शिवप्पाची. मानमोडीच्या साथीत शिवप्पा गेला. त्याला माती दिली आणि थोड्याच दिवसांत मल्लव्वा त्याची गाडी स्वतः हाकत अड्ड्यावर आली नि त्याच्या जागेवर बसली. गाडीवानांनी एकमेकांकडं पाहिलं. बाईमाणूस, दुःखात आहे, बसू दे चार दिवस, मग विकेल बैल आणि जाईल माहेरी, असं ठरलं. ते चार दिवस पंधरा वर्षं चालले होते.

आता ह्या जागेवर डोळा होता चन्नवीरचा. चन्नवीर अड्ड्याचा मुकादम. त्याच्या स्वतःच्या गाड्या होत्या, बाळीवेशीच्या गल्लीत दगडी घर होतं, आणि रुमाल बांधण्याची अशी ऐट होती की रुमाल आधी यायचा आणि चन्नवीर नंतर. माणूस वाईट नव्हता, पण आपण मुकादम असून आपल्या डोक्यावर लिंब नाही, ऊन आहे, हे त्याला खुपायचं. धर्माचं मात्र त्याला मोठं वेड, निदान चारचौघांत तरी. सोमवार हा बसवण्णाचा वार. त्या दिवशी लिंगायताघरी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. हे सगळेच पाळत. पण चन्नवीरनं ते साऱ्या अड्ड्याला लावलं. मार्डीकडचा कुंडलिक नावाचा मराठा गाडीवान एकदा सोमवारी जोडी जुंपून निघाला, तर चन्नवीरनं त्याला अडवून अड्ड्यावरच्या झाडून सगळ्या बैलांना पेंड चारायला लावली. कुंडलिकानं चारली. बैल खूश झाले. कुंडलिक काही ते विसरला नाही.

तर त्या साली, म्हणजे एकोणीसशे तेहतीस-चौतीसच्या सुमाराला, कापसाच्या ऐन हंगामात तुळजापूरवेशीबाहेरचे जिनिंगवाले शेट स्वतः अड्ड्यावर आले. स्टेशनाकडच्या एका गिरणीत एक यारी पडून होती. यारी म्हणजे जड ओझी उचलून इकडची तिकडं ठेवणारं यंत्र. खाली चार लोखंडी चाकांचा गाडा, त्यावर पाण्याचा बंब, बंबाला टेकून एक लांबलचक लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला आकडा. वाफेवर चालायची. ऐन उमेदीत असताना कापसाच्या गासड्या पोरासारख्या कडेवर घेऊन हिंडवायची म्हणे. पुढं बंब फुटला, वाफ गेली, आणि गेली काही वर्षं तिच्या आकड्याला पहारेकऱ्याचा डबा टांगलेला असे. शेटनी ती विकत घेतली होती. दुरुस्त करायला मुंबईहून फिटर मंगळवारी सकाळी येणार होता. एकच दिवस थांबणार होता. तेव्हा सोमवारी दिवेलागणीपर्यंत यारी जिनिंगच्या आवारात यायला हवी होती.

चन्नवीरनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. म्हणाला, शेट, जी सगळ्यांना उचलायची तिला उचलणार कोण? चाकं गंजलीत, वजन हत्तीचं, गावातली वळणं अशी की गाडी वळवताना बैलाची शेपटी भिंतीला घासते. अड्डा हे काम घेणार नाही.

अड्ड्याच्या वतीनं कुणी दुसऱ्यानं बोललेलं मल्लव्वाला कधीच खपत नसे. लिंबाखालून आवाज आला, “मी नेते की.”

सगळे वळून पाहू लागले. चन्नवीरच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो हळूहळू ओसरला आणि त्याच्या जागी एक भलतंच प्रेमळ हसू आलं. त्यानं विचारलं, “आणि सोमवारी दिवेलागणीला यारी आवारात उभी नसली तर, मल्लव्वाक्का?”

“नसली तर मंगळवारपासून ह्या लिंबाखाली तू बस. मी गटारापाशी बसते.”

बोलून गेली आणि मग पानाला चुना लावताना तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. चुना जरा जास्तच लागला. पण शब्द तोंडातून गेला होता, शेट ऐकून गेले होते, आणि चन्नवीर तर तो शब्द उपरण्याच्या गाठीत बांधून घ्यावा तसा घरी घेऊन गेला होता.

तिचा हिशोब सरळ होता. शनिवारी यारी गिरणीतून काढायची, रविवारी गावातून न्यायची, सोमवारी बैलांना अंघोळ घालून आरामात बसायचं. आपली हौश्या-निंग्याची जोडी, कुंडलिकाची जोडी आणि ओळखीपाळखीच्या आणखी दोन. एकामागं एक चार जोड्या लावल्या की हत्ती असला तरी चालेल.

शनिवारी सकाळी चार जोड्या गिरणीच्या देवडीवर जाऊन उभ्या राहिल्या. देवडीवरचा माणूस म्हणाला, किल्ली सापडत नाही. मल्लव्वानं विचारलं, कधी सापडेल. तो म्हणाला, ते किल्लीलाच माहीत. दुपार झाली. संध्याकाळ झाली. बैलांनी देवडीसमोर शेण टाकून टाकून रस्ता सारवला. किल्ली काही सापडेना. परत जाताना कुंडलिकानं हळूच सांगितलं की हा देवडीवाला चन्नवीरचा साडू आहे. मल्लव्वा देवडीवाल्याकडं वळून म्हणाली, तुझ्या साडूला सांग, किल्ली रविवारी दुपारच्या आत सापडली तर बरं, नाहीतर ती कुणाच्या कमरेला आहे ते मी शेटना चाचपून पाहायला लावते.

त्या संध्याकाळी नळावर तिला काशम्मा भेटली. काशम्मा चन्नवीरची बायको, पण मल्लव्वाच्या माहेरच्या गावची, अक्कलकोटाकडची. अड्ड्यावरचं भांडण नळावर आणायचं नाही, असा दोघींचा न बोलता ठरलेला करार होता. काशम्मा घागर भरता भरता दमून बोलत होती. सोमवारी दुपारी गौरम्माला, थोरल्या लेकीला, पाहायला अक्कलकोटाहून पाहुणे यायचेत. सिद्धाप्पा म्हणून मोठं घर आहे. फार कर्मठ. सोमवार म्हणून स्वतःची बैलांची धमणी न जुंपता रेल्वेनं येणार आहेत. घर सारवायचंय, गव्हाची गोड हुग्गी करायचीय, आणि ह्यांना त्याचं काहीच नाही, बसलेत आपले खिडकीत, तुझी यारी सोमवारपर्यंत पोचत नाही म्हणून एकटेच हसतायत. मल्लव्वानं तिची घागर उचलून डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, हुग्गी चांगली घट्ट कर, माणसं जास्ती होतील.

काशम्माला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. खरं सांगायचं तर मल्लव्वालाही तेव्हा तो पुरता कळला नव्हता.

रविवारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा किल्ली सापडली. यारीच्या आसांना एरंडेल पाजून, चाकांना पहारी लावून, चार जोड्यांचा नाडा ताणून, कसंबसं ते लोखंडी धूड हललं. हललं ते असा आवाज करत की आजूबाजूच्या कुत्र्यांनी एकदम भुंकायचं सोडून दिलं. मल्लव्वा पुढं, हौश्याच्या कानाशी. “नडी अप्पा, नडी,” म्हणत त्याला चालवत होती. कुंडलिक मागं, चाकाला लावायचा दगड काखेत घेऊन.

नवी पेठ येईतो अर्धं गाव मागं लागलं होतं. लोक विचारत, हे काय आहे? कुंडलिक सांगे, तोफ. पुढच्याला सांगे, उसाचा चरक. एका म्हाताऱ्याला त्यानं सांगितलं की सरकारानं पावसाचं यंत्र पाठवलंय, तर तो म्हातारा बिचारा वेशीपर्यंत चालत आला. एका वळणावर यारीचा बांधून ठेवलेला हात सुटला आणि आकडा झोकांडी खात एका कासाराच्या दुकानात शिरला. बाहेर आला तो दुकानावरचं कापडी पाल घेऊनच. कासार बांगड्यांच्या पसाऱ्यात उघडा पडला. पाल आकड्याला लटकून वर झुलत होतं. ते खाली उतरवेपर्यंत, कासाराची समजूत काढेपर्यंत, आणि मल्लव्वानं त्याच्याकडून नाइलाजानं डझनभर हिरव्या बांगड्या विकत घेईपर्यंत सूर्य कलला. यारीनं आयुष्यात जे काही शेवटचं उचललं ते हेच.

बाळीवेशीपाशी आले तेव्हा दिवे लागायला थोडाच अवकाश होता. इथून दोन वाटा फुटत. एक रुंद, वळसा घेऊन जाणारी. दुसरी गल्लीतून, उताराची, जवळची. अंधार पडायच्या आत जिनिंगपर्यंत पोचणं दोन्ही वाटांनी शक्य नव्हतं. अंधारात हे धूड रस्त्यावरून नेणं म्हणजे कुणाचा तरी पाय चिरडणं. आणि दिवस उजाडला की सोमवार.

कुंडलिक जवळ आला. त्याचं तोंड पडलं होतं. म्हणाला, “अक्का, फाटंचं कुणी उठायच्या आत मी माजी जोडी अन् आणिक दोन जोड्या आणून गुपचूप जुंपतो की. कुनाला कळतंय?”

मल्लव्वानं निंग्याच्या कपाळावरून हात फिरवला. निंग्या दमला होता. त्याच्या मानेवर जू घासून केस गेले होते. शिवप्पा असता तर काय म्हणाला असता, ते तिला ठाऊक होतं. शिवप्पानं एकदा सोमवारी कलेक्टरच्या माणसाला सामानासकट स्टेशनावर चालत पाठवलं होतं. ती म्हणाली, “ह्याला कळतंय. आमच्यात सोमवारी ह्याचा वार. जागेसाठी ह्याचा वार मोडला तर मग त्या जागेवर बसून करायचं काय?”

लिंबाखालची जागा गेली, असंच तिच्या मनात आलं. गटारापाशी बसलेलं आपलं रूप तिला दिसलं, आणि लिंबाखाली चन्नवीरचा पिवळा रुमाल. मग तिनं गल्लीकडं पाहिलं. उताराच्या मधोमध चन्नवीरचं दगडी घर. दारापुढं काशम्मानं उद्याच्या पाहुण्यांसाठी सडा घातला होता. मल्लव्वाच्या तोंडावर हळूहळू एक हसू पसरलं. काशम्माला हुग्गी घट्ट कर असं आपण का म्हणालो, ते तिला आत्ता कळलं.

“ह्या गल्लीतनं घे,” ती म्हणाली.

कुंडलिक म्हणाला, अक्का, हितं अडकंल की. मल्लव्वा म्हणाली, तेच म्हणते मी.

यारी गल्लीत शिरली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली. उतारावर मागून नाडे धरून ती सावकाश सोडली आणि नेमकी चन्नवीरच्या दिंडीदरवाजासमोर आल्यावर मल्लव्वानं हात वर केला. कुंडलिकानं चारी चाकांना दगड लावले. जुवाच्या खुंट्या, शिवळा, काढल्या, जुवं उतरवली. बैल मोकळे झाले. तेवढ्यात घराघरांतून दिवे लागले.

चन्नवीर दारात आला तो हसतच आला. अर्ध्या वाटेत अडकलीस ना अक्का, असं अगदी गोड आवाजात म्हणाला. मग त्यानं यारीकडं पाहिलं, आपल्या दाराकडं पाहिलं, दोहोंमधल्या अंतराकडं पाहिलं. त्या अंतरातून मांजर गेलं असतं, पण चांगलं पोसलेलं नाही. हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचा चन्नवीर निघून गेला. मल्लव्वा तोवर बैलांना घेऊन गल्लीच्या वळणापर्यंत पोचली होती.

सोमवारी सकाळी ती हौश्या-निंग्याला तलावावर घेऊन गेली, अंग चोळून धुतलं, शिंगांना तेल लावलं, सरकी चारली. स्वतः उपास धरला. मग विभूती लावून बाळीवेशीच्या गल्लीत आली आणि समोरच्या ओट्यावर बसली. गल्लीत आधीच बरीच माणसं जमली होती. सोमवार म्हणून सगळे गाडीवान रिकामे, आणि रिकाम्या माणसांना यारीइतकं रम्य दृश्य दुसरं नव्हतं. चन्नवीर घराच्या मागच्या भिंतीवरून उतरून, शेजाऱ्याच्या परड्यातून फिरून पुढं आला. रुमालाला शेवग्याचा पाला लागला होता.

त्यानं सरळच सांगितलं, “अक्का, दारातली यारी काढ.”

“काढते की. उद्या सकाळी. आज बसवण्णाचा वार.”

“दुपारी पावणे येणारेत. गौरम्माला बघायला.”

“मग तर बरंच झालं. पावण्यांना बघायला काहीतरी लागतंच.”

चन्नवीरनं तिच्याकडं पाहिलं, मग आवाज उतरवून कुंडलिकाकडं वळला. त्याला म्हणाला, तू काही आमच्यातला नव्हंस, तुझी जोडी लाव की रे, एवढी गल्लीच्या टोकापर्यंत.

कुंडलिकानं दोन्ही हात जोडले. “न्हाय मुकादम. मागल्या खेपेला सोमवारी बैल जुंपला तवा तुमी साऱ्या अड्ड्याच्या बैलास्नी पेंड चारायला लावली. तवापासनं मला सोमवार लई पटाया लागलाय.”

ओट्याओट्यावरून खोकल्याची साथ आल्यासारखे आवाज आले. चन्नवीरनं मागं चढ पाहिला, पुढं उतार पाहिला. मागं नेणं अशक्य होतं. पुढं ढकलून दारापलीकडं ठेवावी, तर वरून त्या उतारावर टांगा कुणी घालत नसे, आणि खालच्या तोंडातून पाहुण्यांचा टांगा इथपर्यंत येणार कसा? गल्लीबाहेरच काढायला हवी होती. आणि बैल लावता येत नव्हते. बैल लावता येत नव्हते म्हणून तर कालपासून त्याला गुदगुल्या होत होत्या.

शेवटी त्यानं अंगातला कोट काढला. जिवापाड जपलेलं रेशमी काठाचं उपरणं काढलं. हमालांना हाक मारली, गाडीवानांना हाक मारली. दोन जाड नाडे यारीच्या गाड्याला बांधले. मल्लव्वा ओट्यावरून उतरली आणि मदत केल्यासारखं म्हणाली की मुकादम पुढं असल्याशिवाय माणसं जोर लावत नसतात. चन्नवीरनं दात चावून पहिला नाडा खांद्यावर घेतला. तिनं चाकांचे दगड काढायला लावले. काशम्माही परड्यातून फिरून पुढं आली, तिनं हे सगळं पाहिलं, मल्लव्वाकडं पाहिलं, आणि धूळ बसावी म्हणून एक घागर यारीच्या वाटेवर ओतली. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. बायकांना हे फार चांगलं साधतं.

ओढायला लागली खरी माणसं, पण ती आपापल्या मनानं ओढत होती. एक ओढी तेव्हा दुसरा श्वास घेई. मागचे नाडे धरणारे उतारावर घसरत होते. यारी एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं तोंड करी आणि थांबे. मल्लव्वा सर्वांच्या पुढं, गल्लीच्या तोंडाकडं पाहत उभी होती. त्यामुळे टांगा पहिल्यांदा तिला दिसला. आत पांढऱ्या मिशांचा, मोठ्या पगडीचा एक वृद्ध आणि दोन-तीन मंडळी. टांगा गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला.

मल्लव्वानं पदर खोचला, हात वर केला आणि गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज उचलताना सगळं सोलापूर जी आरोळी देतं ती दिली, “एकदा भक्तलिंग हर्र...”

सोलापूरच्या माणसाला ही आरोळी ऐकून गप्प बसणं जमत नाही. झोपेतही तो उत्तर देईल. साऱ्या गल्लीनं एका दमात म्हटलं, “बोला हर्र.” आणि त्या एका दमात सगळ्यांचा जोर एकदम लागला. यारी हलली. पुन्हा आरोळी, पुन्हा हर्र. आता ती अशी चालू लागली की जणू तिच्या फुटक्या बंबात वाफ भरली. पुढं चन्नवीर, खांद्यावर नाडा, रुमाल मानेवर घसरलेला, घामानं कपाळावरची विभूती वितळून नाकावर आलेली.

सिद्धाप्पा टांग्यातून खाली उतरले. त्यांनी हा प्रकार पाहिला. पाणी शिंपडलेली वाट पाहिली, उघड्या अंगानं दोर ओढणारी माणसं पाहिली, हर्रचा गजर ऐकला. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले. मग जवळ उभ्या असलेल्या मल्लव्वाला कानडीत विचारलं, हे काय चाललंय आणि पुढं आहेत ते कोण?

मल्लव्वानं कानडीतच, म्हणजे बैलांशी बोलायच्या आवाजात, उत्तर दिलं, “चन्नवीर मुकादम. आज सोमवार, बैलांना विसावा. तर म्हणाले, मग आपणच बैल होऊ.”

ह्यात खोटं एवढंच होतं की चन्नवीर असं काही म्हणाला नव्हता. बाकी सगळं डोळ्यांसमोर होतं.

सिद्धाप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी पगडी काढून मुलाच्या हातात दिली, धोतर वर खोचलं आणि चन्नवीरच्या शेजारी जाऊन नाड्याला हात घातला. “शरणु शरणार्थी,” असा नमस्कार घातला. चन्नवीरनं वळून पाहिलं. ज्या माणसासमोर कोट घालून, अत्तर लावून बसायचं म्हणून त्यानं आठवडाभर तयारी केली होती, तो माणूस त्याच्याबरोबर एका जुवात होता. त्याच्या तोंडून “शरणार्थी” एवढंच आलं, तेही निम्मं.

गल्ली संपली. हमरस्ता लागला. इथं यारी कडेला लावायची आणि घरी जायचं, असं चन्नवीरनं मनाशी ठरवलं होतं. त्यानं नाडा खाली टाकला. म्हणाला, बास.

सिद्धाप्पांनी दम खात विचारलं, “जायचं कुठं आहे?”

कुंडलिक आभाळाकडं पाहू लागला. चन्नवीरनं मल्लव्वाकडं पाहिलं. ती पदरात बांधून आणलेल्या त्या हिरव्या बांगड्या मोजल्यासारखं करत होती. त्या एका क्षणात बिचाऱ्यानं दोन्ही बाजूंचा तोल पाहिला. एका बाजूला लिंब, दुसऱ्या बाजूला लेक.

“शेटच्या जिनात,” तो म्हणाला.

“मग इथं का थांबायचं? सेवा अर्ध्यावर टाकत नसतात.”

आणि सिद्धाप्पांनीच आरोळी दिली.

जिनिंगच्या आवारात यारी उभी राहिली तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. शेट बाहेर आले, घामाघूम झालेला मुकादम पाहिला, परगावचा प्रतिष्ठित म्हातारा पाहिला, माणसांचा तांडा पाहिला, आणि त्यांना काहीच उमगलं नाही. पण यारी आली होती. मल्लव्वानं चाकांना दगड लावायला सांगितलं आणि दगड नीट बसले की नाहीत ते स्वतः वाकून पाहिलं. त्या संध्याकाळी काशम्माची हुग्गी सगळ्यांना पुरली. गौरम्माला पाहायचं असं फारसं उरलंच नव्हतं. बाप पाहून झाला होता. सिद्धाप्पांनी तिला दोन प्रश्न विचारले, तिनं तिसऱ्याचंच उत्तर दिलं, तरी सोयरीक जमली.

मंगळवारी सकाळी मल्लव्वा लिंबाखाली बसली होती. चन्नवीर आला. त्याच्या दोन्ही खांद्यांना एरंडेलाच्या पट्ट्या होत्या. थोडा वेळ घुटमळून तो म्हणाला की शब्द तुझा होता, यारी नेली मी, तेव्हा खरं पाहता जागा माझी.

मल्लव्वा म्हणाली, “व्हय की. यारी सोमवारी तिथं उभी पाहिजे एवढंच बोलणं होतं, कुणी न्यायची ते काही बोललो नव्हतो. पण तुला वाटत असंल तर विचारू या. सिद्धाप्पा अजून आहेत की तुझ्याकडं. चल, तू यारी का ओढलीस ते त्यांनाच सांगू.”

चन्नवीरनं लिंबाच्या शेंड्याकडं पाहिलं. मग मल्लव्वानं चंचीतून एक पान काढून त्याच्यासाठी लावलं, ह्या वेळी चुना बेताचा, आणि आपल्या शेजारची, बुंध्यापासून जरा बाजूची जागा हातानं झाडली. तिथं सावली दुपारपर्यंत टिकते. चन्नवीर बसला. त्यानंतर तो तिथंच बसायचा. पहिलं भाडं मल्लव्वाचं, पहिला शब्दही तिचाच, पण मुकादमाच्या डोक्यावरचं ऊन गेलं आणि त्याबरोबर त्याचा अर्धा राग गेला.

यारी मात्र काही चालू झाली नाही. मुंबईच्या फिटरनं दिवसभर तिच्या पोटात डोकं घालून पाहिलं आणि काळं तोंड घेऊन परत गेला. तिच्या आकड्याला पुढं शेटच्या पहारेकऱ्यानं डबा टांगला. जिनिंगमधल्या बायका तिच्या हातावर लुगडी वाळत घालत. मल्लव्वा त्या बाजूनं गाडी घेऊन गेली की बैलांना म्हणायची, बघा रे, हिला तुम्ही निम्मीच ओढली, निम्मी मुकादमानं.

ती कथा अक्कलकोटाकडं मात्र वाढत वाढत गेली. तिकडं लोक सांगू लागले की सोलापुरात एक चन्नवीर मुकादम आहेत, दर सोमवारी बैलांचं जू स्वतःच्या खांद्यावर घेतात. गौरम्माच्या लग्नानंतर काही महिन्यांनी सिद्धाप्पांचा माणूस अड्ड्यावर आला. गावच्या देवळात नवा नंदी बसवायचा होता. अखंड काळ्या दगडाचा, फार जड. आणायचा होता सोमवारी. गावकऱ्यांचं एकमत झालं होतं की तो व्याह्यांशिवाय दुसऱ्या कुणी ओढणं बरं दिसणार नाही.

चन्नवीरनं मल्लव्वाकडं पाहिलं. काहीतरी बोल, असं तिला डोळ्यांनीच सांगितलं. मल्लव्वा उठली, गाडीतला तो जाड नाडा काढून आणला, नीट गुंडाळला आणि मुकादम सोमवारी येतायत म्हणून सांगा, असं म्हणत निरोप्याच्या हातात दिला.